जुनं इंजिन घेताय? पैसे मोजायच्या आधी बोअर मोजून घ्या

गाडीचं इंजिन गेलं की आपल्याकडं दोनच सल्ले मिळतात, एक म्हणजे फुल इंजिन काम कर नाहीतर भंगारातून चालू इंजिन आणून टाक. दुसरा सल्ला स्वस्त वाटतो आणि कधीकधी खरंच स्वस्त पडतो, पण भंगारवाल्यानं चालू करून दाखवलं म्हणजे इंजिन तपासलं असं समजून लोक पैसे देऊन मोकळे होतात आणि मंग महिन्याभरानं तेच इंजिन परत खाली उतरवायलेत. जुन्या मेकॅनिकल पंपाचं डिझेल इंजिन असलं तर विकणारा बॅटरी लावतो, डिझेलची बाटली लटकवतो, सेल्फ मारतो अन् इंजिन धडाधड सुरू, कॉमन रेलचं, म्हणजे डिझेलचा फवारा कॉम्प्युटरनं चालवणारं नवं इंजिन असलं तर त्याला वायरिंग अन् ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) लागतो म्हणून तो सरळ मोबाईलवर व्हिडिओ दाखवतो की बघा गाडीतून काढायच्या आधी कसं चालत होतं. आता पाच मिनिटं चाललेलं इंजिन नीट तापत नाही, तापलं नाही तर हेडची, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाची, बारीक चीर उघडत नाही, आणि लोड नसला की घासलेला बोअर, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो ते सिलेंडरचं भोक, पण गुपचूप चालतो. त्यामुळं इंजिन खोलून बोरिंगवाल्याकडं, म्हणजे बोअर मोजून मशीनवर मोठा करून देणाऱ्याकडं न्यायचं, त्याच्या हातात गेज द्यायचा आणि आकडे कागदावर घ्यायचे, हे कसं करायचं ते लिहितोय. पेट्रोल-डिझेल दोन्हीला लागू आहे, जिथं फरक आहे तिथं सांगतो.

सगळ्यात आधी कागद. इंजिन नंबर ब्लॉकवर, म्हणजे सिलेंडर असलेल्या मुख्य सांगाड्यावर कोरलेला असतो, तो वायर ब्रशनं साफ करून, मोबाईलची टॉर्च तिरपी धरून वाचा. नंबर घासलेला, परत पंच केलेला, किंवा त्या जागी वेल्डिंगचा ठिपका दिसला तर तिथूनच परत फिरा, इंजिन कितीही चांगलं असू द्या. विकणाऱ्याकडून ज्या गाडीतून इंजिन निघालं तिच्या आरसीची झेरॉक्स आणि इंजिन नंबर टाकलेलं बिल घ्या. इंजिन बदललं की आरसीवरचा नंबर बदलून घ्यावा लागतो, मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये ते आहे, आणि आधी परवानगी न घेता बदललं असेल तर १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवायचं असतं. आपल्याकडं हे कुणी करत नाही अन् मंग गाडी विकताना किंवा ॲक्सिडेंटचा क्लेम टाकताना अडकतात.

दुसरं, इंजिन तेच आहे का ते बघा. स्विफ्ट-डिझायरचं १२४८ सीसीचं डिझेल इंजिन मूळ फियाटचं, तेच टाटाच्या व्हिस्टा-मांझात, फियाटच्या पुंटो-लिनियात पण होतं, त्यामुळं भंगारवाला म्हणतो "सगळं एकच आहे हो, बसतंय." ब्लॉक एकच असला तरी माउंटिंग, संप (खालचं ऑइलचं भांडं), टर्बो, सेन्सर अन् वायरिंग एक असेलच असं नाही. मारुतीतल्या मारुतीतसुद्धा फरक आहे, स्विफ्टला ७५ पीएसचं आणि एसएक्स४, अर्टिगाला ९० पीएसचं, त्याचा टर्बो वेगळा. आपल्या गाडीचा इंजिन कोड आणि समोरच्या इंजिनाचा कोड लिहून घ्या, मिस्त्रीला फोनवर वाचून दाखवा, मगच पुढचं बोला.

आता सौद्याची अट. इंजिन खोलून तपासायचं म्हणलं की विकणारा नाक मुरडतो, "खोललेलं इंजिन परत घेत नसतो" म्हणतो. यावर मधला रस्ता असा की टोकन द्यायचं आणि साध्या कागदावर लिहून घ्यायचं की ब्लॉकला किंवा हेडला चीर निघाली, क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो खालचा दांडा) वाकडा किंवा शेवटच्या साईजच्या पुढं, म्हणजे परत घासून वापरता येणार नाही इतका गेलेला निघाला तर इंजिन परत आणि पैसे परत, खोलायची-जोडायची मजुरी माझी. बोअर ओव्हरसाईज, म्हणजे मूळ मापापेक्षा मोठा केलेला निघाला तर परत नाही पण भाव अमुक इतका कमी. हे एवढं लिहून द्यायला जो तयार नाही त्याला त्याच्या इंजिनाबद्दल आपल्यापेक्षा जास्त माहिती आहे असं समजा.

टोकन द्यायच्या आधी तिथंच उभ्या उभ्या बघायच्या गोष्टी पटपट सांगतो. क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हातानं दोन पूर्ण फेरे फिरवा, कुठं अडकलं किंवा एका जागी मोकळं पडलं तर शंका घ्या. ऑइल टाकायचं झाकण उघडून आतून बघा, पांढरा फेस म्हणजे पाणी ऑइलमध्ये गेलंय, काळा डांबरासारखा थर म्हणजे मागच्या मालकानं ऑइल बदललेलंच नाही. संपचा बोल्ट सैल करून वाटीभर ऑइल काढा, ते उन्हात धरून बोटावर चोळा, चंदेरी किंवा तांबूस चमक दिसली तर बेरिंग खाल्लीत. चालू करून दाखवणार असेल तर आधी ब्लॉकला हात लावा, गरम असेल तर थंड होईपर्यंत चहा प्या, कारण थंड स्टार्टमध्येच लबाडी बाहेर येते. गिअरबॉक्स आणि सेल्फ जोडलेला असला तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमधला दाब गेजनं बघून घ्या, छोट्या पेट्रोल इंजिनाला साधारण १२ ते १४ किलो यायला पाहिजे आणि एका सिलेंडरचं दुसऱ्यापेक्षा १ किलोच्या वर कमी नको. कमी आलेल्या सिलेंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून परत बघा, वाढलं तर रिंग-बोअर गेलेत, नाही वाढलं तर व्हॉल्व्ह किंवा हेड अन् ब्लॉकमधलं गॅस्केट. डिझेलचा आकडा याच्या दुप्पट असतो अन् गेज पण वेगळा लागतो, आणि डिझेलमध्ये ही ऑइल सोडायची युक्ती करू नका, वर जागाच कमी असते, ऑइल जास्त पडलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

आता बोरिंगवाला. आपल्याकडं प्रत्येक तालुक्याला लेथवाला आहे, लेथवाला बूश काढून देतो, शाफ्ट टर्न करून देतो, पण तो बोरिंगवाला नाही. जिंतूर, गंगाखेड, माजलगाव असल्या गावात बोरिंगची मशीन असली तरी तिथं मुख्य काम ट्रॅक्टरचं, त्यात स्लीव्ह (बोअरची आतली नळी) काढून नवी ठोकली की झालं, दोन-चार पॉइंटांचा बारीक फरक इकडं तिकडं चालून जातो. कारच्या छोट्या इंजिनात ते चालत नाही. म्हणून हेड ॲल्युमिनियमचं असेल, इंजिन कॉमन रेलचं असेल तर सरळ नांदेड, लातूर, जालना नाहीतर संभाजीनगर गाठा. वाळूज-चिकलठाण्याच्या पट्ट्यात ऑटो पार्ट बनवणारे कारखाने असल्यानं मोजमापाची चांगली हत्यारं अन् ती वापरणारे हात तिथं सापडतात.

दुकानात गेल्यावर मशीनकडं नंतर बघा, आधी मोजायची हत्यारं कुठं ठेवलीत ते बघा. मायक्रोमीटर लाकडी पेटीत कापडात गुंडाळून ठेवलेला असेल तर अर्धं काम झालं, तोच मायक्रोमीटर हातोडी-छिन्नीच्या ढिगात लोळत असेल तर गाडी पुढं घ्या. बोअर गेज, वेगवेगळ्या साईजचे मायक्रोमीटर, डायल गेज, व्ही ब्लॉक, सपाट पट्टी म्हणजे स्ट्रेट एज, फिलर गेज आणि हेड टेस्टिंगची टाकी एवढं पाहिजे. आणि सरळ विचारा, "मामा, नुसतं मोजून कागदावर लिहून द्यायचं किती घेता?" काही जण म्हणतात मोजायचे पैसे काय घ्यायचे, काम आमच्याकडंच टाका. असं म्हणणाऱ्याला मोजायचे पैसे आवर्जून द्या, कारण फुकट मोजणाऱ्याला शेवटी बोअर करायचाच असतो, तो चांगला निघालेला त्याला परवडत नाही. रेट हेडचा, ब्लॉकचा, क्रँकचा वेगवेगळा विचारून घ्या.

वेळ पण बघून जा. पेरणीच्या आधी मे-जूनला ट्रॅक्टरची गर्दी, ऊसतोड सुरू व्हायच्या आधी ट्रक-ट्रॅक्टरची गर्दी, त्या दिवसात तुमचं इंजिन कोपऱ्यात पडून राहतंय अन् घाईत मोजलं जातंय. पोळ्याच्या आसपास दुकानं निवांत असतात, तेव्हा मिस्त्री समजावून पण सांगतो.

खोलायचं काम आपल्या मेकॅनिककडून, आपल्यासमोर. क्रँक धरणाऱ्या मेन बेरिंगच्या कॅप अन् पिस्टन क्रँकला जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडच्या कॅप ज्या जागेवरच्या त्याच जागेवर अन् त्याच दिशेनं बसाव्या लागतात, त्यांची अदलाबदल झाली की चांगलं इंजिन तिथंच खराब झालं. कॅपवर नंबर नसतील तर मार्करनं किंवा पंचनं टाका. काही नव्या इंजिनात कनेक्टिंगची कॅप कापलेली नसते, मुद्दाम तडकवून वेगळी केलेली असते, दोन्ही तुकड्यांची खडबडीत बाजू फक्त एकमेकांतच बसते, तिथं पंच मारू नका, मार्करच वापरा. व्हॉल्व्ह पुठ्ठ्याला भोकं पाडून क्रमानं खोचून ठेवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जुनी बेरिंग, जुनं हेड गॅस्केट, जुन्या रिंगा फेकू देऊ नका. मेकॅनिकला सवय असते, हातासरशी भंगारच्या डब्यात टाकतो, पण मागच्या मालकानं काय केलं ते सगळं त्याच्यावर लिहिलेलं असतंय. बेरिंगच्या पाठीमागं साईज छापलेला असतो, एसटीडी (स्टँडर्ड) असेल तर क्रँक अजून मूळ साईजला आहे, ०.२५ किंवा ०.५० असेल तर एकदा किंवा दोनदा ग्राइंडिंग झालंय. तोंडी "इंजिन कधी खोललंच नाही" म्हणणाऱ्याचं खोटं इथं उघडं पडतं. बेरिंगच्या अंगावर फिरायच्या दिशेनं रेघा म्हणजे धूळ-कचरा गेला, आतलं तांबं दिसायलंय म्हणजे खूप चाललंय किंवा ऑइल कमी पडलं, एकाच कडेला घासलंय म्हणजे कनेक्टिंग रॉड वाकडा असायची शक्यता.

धुलाईत एक गोष्ट सांभाळा, लोखंडी ब्लॉक कॉस्टिकच्या गरम टाकीत टाकतात ते ठीक आहे पण ॲल्युमिनियमचं हेड त्यात टाकू देऊ नका, कॉस्टिक ॲल्युमिनियम खातं.

आता हेड. माझं मत विचाराल तर मराठवाड्यात जुन्या इंजिनाची तपासणी हेडपासूनच सुरू करावी, कारण आपल्याकडची इंजिनं घासून कमी अन् तापून जास्त मरतात. उन्हाळ्यात पारा ४२-४३ ला, गाडीत मावतील त्यापेक्षा जास्त माणसं, वर एसी, आणि रेडिएटरमध्ये कूलंटच्या जागी बोअरवेलचं जड पाणी. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा प्यायचीच मारामार होती, रेडिएटरला डिस्टिल्ड वॉटर कोण घालतंय. त्या जड पाण्यातला चुना ब्लॉकच्या पाण्याच्या वाटांमध्ये बसतो, थर वाढत जातो, उष्णता बाहेर पडत नाही, हेड वाकतं, गॅस्केट फुटतं आणि शेवटी दोन व्हॉल्व्हच्या मधल्या पातळ जागेत चीर पडते. म्हणून हेडच्या पाण्याच्या भोकात टॉर्च मारून बघा, पांढरा-तांबूस कडक थर बोटानं खरवडून निघत नसेल तर ते इंजिन कसल्या पाण्यावर चाललंय ते कळलं.

सपाटी बघायला हेड उलटं ठेवून त्यावर स्ट्रेट एज उभी धरतात, लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर, अन् खालून फिलर गेजचं पातं सरकवतात. ०.०५ मिमीचं पातं कुठंच जात नसेल तर छान, कारण छोट्या इंजिनांची मर्यादा तिथंच असते, नक्की आकडा तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलचा धरा. जात असेल तर फेसिंग, म्हणजे मशीनवर घासून सपाट करावं लागतं. फेसिंग म्हणलं की सगळे सोपं समजतात, पण हेड किती वेळा आधी घासलंय हे विचारा, हेडची उंची व्हर्नियरनं चारी कोपऱ्यांवर मोजून लिहून घ्या अन् मॅन्युअलमधल्या कमीत कमी उंचीशी ताडून बघा. डिझेलमध्ये हेड जास्त उतरवलं की व्हॉल्व्ह पिस्टनला टेकायची भीती असते आणि मंग जाड गॅस्केट शोधत फिरावं लागतं. चार कोपऱ्यांची उंची वेगवेगळी निघाली तर कुणीतरी आधी वाकडं फेसिंग केलंय, त्याचा भाव पाडा.

चीर बघायची टेस्ट मात्र स्वतः उभं राहून बघा. पाण्याच्या सगळ्या भोकांवर रबर लावून प्लेटा आवळतात, एका भोकातून हवा सोडतात अन् हेड गरम पाण्याच्या टाकीत बुडवतात. सुरुवातीला इकडून तिकडून अडकलेली हवा निघते, ते बुडबुडे मोठे असतात अन् लगेच थांबतात. ते थांबल्यावर हेड तसंच ठेवायला लावा. खरी चीर असेल तर दोन व्हॉल्व्ह सीटच्या (व्हॉल्व्ह जिथं टेकतो त्या कड्यांच्या) मधून मोहरीएवढे बुडबुडे एकामागं एक, एकाच जागेवरून, न थांबता वर येत राहतात, धागा ओढल्यासारखे. मिस्त्रीला घाई असते, अर्ध्या मिनिटात हेड वर काढून "ओके" म्हणतो, त्याला म्हणायचं मामा राहू द्या अजून, पाणी पण गरमच पाहिजे, थंड पाण्यात चीर मिटलेली असते. टाकी नसेल तर लाल डाय अन् पांढऱ्या डेव्हलपरचा स्प्रे मारून पण चीर दिसते, पण ती फक्त वरची, आतल्या पाण्याच्या वाटेतली नाही. चीर निघाली तर कुणी आर्गन वेल्डिंग सुचवेल. कडेला, बाहेरच्या बाजूला असेल तर चालतं, व्हॉल्व्ह सीटच्या मधली असेल तर माझ्या मते हेड परत करा, ते इंजिन जालन्याच्या भट्टीत जाऊन सळई झालेलंच बरं.

व्हॉल्व्हची दांडी ज्या नळीत सरकते त्या व्हॉल्व्ह गाईडमध्ये व्हॉल्व्ह थोडा वर काढून बाजूला हलवून बघतात, खेळ जास्त असेल तर गाईड नवे, सीट कटिंग नवं. हे होणारं काम आहे, त्यानं घाबरू नका. बऱ्याच छोट्या इंजिनांत कॅमशाफ्ट हेडच्या ॲल्युमिनियममध्येच फिरतो, तिथं वेगळी बेरिंग नसते, त्या जागेत नख अडकेल अशा रेघा असतील तर मात्र ते हेड दुरुस्त करण्यात अर्थ नाही.

ब्लॉकवर या. आधी बोअरच्या वरच्या कडेला नख फिरवा. पिस्टनची वरची रिंग जिथून माघारी फिरते तिथं धक्का जास्त अन् ऑइल कमी, म्हणून तिथं सगळ्यात जास्त घासतं आणि तिच्या वरची न घासलेली पट्टी कड्यासारखी राहते. नख अडकलं की समजायचं बोअर गेला, मोजायचं ते किती गेला एवढ्यासाठी. आपल्या काळ्या मातीच्या धुळीत एअर फिल्टर फाटका ठेवून चाललेल्या काळी-पिवळी जीपच्या इंजिनात हे कडं हमखास सापडतं.

मोजायच्या आधी ब्लॉक कुठं होता ते बघा. टेम्पोतून उन्हात आलेला ब्लॉक लगेच मोजू देऊ नका, सावलीत मायक्रोमीटरच्या शेजारी दोन-तीन तास पडू द्या. लोखंड तापलं की फुगतं, ७० मिमीच्या बोअरला २० डिग्रीचा फरक पडला तर साधारण ०.०१५ मिमी वाढतो, आणि आपण जे शोधतोय ते ०.०१ च्या हिशोबातलं आहे. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये हे सकाळीच करून घ्यावं.

मिस्त्री मायक्रोमीटरवर स्टँडर्ड साईज लावतो, बोअर गेज त्यात धरून काटा शून्यावर आणतो, मंग गेज बोअरमध्ये सोडून हळूहळू मागं-पुढं झुलवतो. काटा एका बाजूला जातो अन् एका जागेवरून माघारी फिरतो, जिथून फिरला तो आकडा खरा. एक घर म्हणजे ०.०१ मिमी. प्रत्येक सिलेंडरला वर, मध्ये, खाली अशा तीन जागी, आणि प्रत्येक जागी क्रँकच्या दिशेनं अन् तिच्या आडवं असं दोनदा, म्हणजे एका सिलेंडरचे सहा आकडे झाले पाहिजेत. चार सिलेंडरचे २४. मिस्त्रीनं एकदाच गेज घालून "वीस पॉइंट घासलाय" म्हणलं तर ते मोजणं नाही.

समजा स्टँडर्ड ७०.०० आहे. वर आडवं ७०.११ आलं, वर क्रँकच्या दिशेनं ७०.०६, खाली दोन्हीकडं ७०.०२. वर-खालचा फरक ०.०९, त्याला टेपर म्हणतात, आणि वरच्याच दोन दिशांमधला फरक ०.०५, ती ओव्हॅलिटी, म्हणजे बोअर गोल न राहता लांबट होणं. बहुतेक कंपन्या या दोन्हीची मर्यादा ०.०५ ते ०.१० च्या मध्ये कुठंतरी देतात, म्हणजे हा बोअर नुसत्या नव्या रिंगा टाकून चालवायच्या लायकीचा राहिला नाही. रिंगा टाकल्या तर काही दिवस धूर बंद होतो अन् परत सुरू. इथं ०.२५ ओव्हरसाईजचा बोअर निघू शकतो, खोल ओरखडा असेल तर ०.५०. याच्यापुढं गेलं की स्लीव्ह. आणि एकाच सिलेंडरला ओरखडा असला तरी चारी सिलेंडर एकाच साईजला न्यावे लागतात, पिस्टन सगळे सारखे पाहिजेत म्हणून.

ॲल्युमिनियम ब्लॉकच्या इंजिनाला, मारुतीच्या के-सिरीजसारख्या, पातळ लोखंडी स्लीव्ह ओतूनच बसवलेली असते. त्याचा बोअर करायच्या आधी ओव्हरसाईज पिस्टन बाजारात मिळतो का ते पार्टवाल्याला विचारा, मिळत नसेल तर त्या बोअरला मोजून काढलेला आकडा म्हणजे शेवटचा निकाल.

ब्लॉकच्या वरच्या फेसवर पण स्ट्रेट एज लावायला सांगा, सगळे हेड बघतात अन् ब्लॉक विसरतात. हेड बोल्टच्या भोकांभोवती फेस वर उचललेला असतो, आणि भोकातले आटे बोटानं चाचपा, आटे गेले असतील तर गॅस्केट टिकत नाही. बाजूची पत्र्याची गोल बुचं गंजून पातळ झालेली असतात, ती अशी पण बदलायचीच, ती काढली की आतला चुन्याचा थर खरवडता येतो.

क्रँक. प्रत्येक जर्नल, म्हणजे क्रँकचा बेरिंगमध्ये फिरणारा गोल भाग, दोन दिशांनी मायक्रोमीटरनं मोजायचा, दोन्हीत ०.०१ च्या वर फरक असेल तर ग्राइंडिंग. जर्नल निळा-काळा पडला असेल तर तो कधीतरी कोरडा फिरलाय, त्याची चीर तपासल्याशिवाय पुढं जाऊ नका, लोहचुंबक अन् लोखंडाच्या भुकटीनं तपासतात. जुने मिस्त्री क्रँक दोरीला टांगून हलकी हातोडी मारतात, टण्ण वाजला तर बरा, बद्द आवाज आला तर चिरलेला. ऐकायला मजा येते पण त्यावर पैसे लावू नका. मंग व्ही ब्लॉकवर ठेवून मधल्या जर्नलला डायल गेज लावून फिरवतात, काटा किती हलतो त्यावरून वाकडेपणा कळतो. ऑइलची फट किती राहते ते बघायला बेरिंग अन् जर्नलच्या मध्ये प्लॅस्टिगेजचा धागा ठेवून टॉर्कला आवळायचं अन् परत सोडून त्याची चपटी झालेली रुंदी मोजायची. साधारण ०.०२ ते ०.०५ मिमी असते. हातानं हलवून "खेळ नाही" म्हणणाऱ्याचं ऐकू नका, एवढी फट हाताला कळत नाही. कनेक्टिंग रॉड वाकडा आहे का ते जिगवर बघून घ्या, अन् ज्याच्या पिस्टनला एकीकडून जास्त घासलेलं दिसतंय तो आधी.

टर्बो, इंजेक्टर, पंप हे बोरिंगवाल्याचं काम नाही. इंजेक्टर, डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्याकडं टेस्टला टाका, टर्बोचा शाफ्ट बोटांनी वर-खाली अन् आत-बाहेर हलवून बघा, पंखा घराला घासायला नको. टायमिंग चेन, ऑइल पंप, वॉटर पंप हे जुन्या इंजिनात नवंच टाकायचं असं धरून चाला.

सगळे आकडे आले की एका कागदावर तीन रकाने करा, वापरता येतं, काम करून वापरता येतं, फेकायचं. मधल्या रकान्याचा खर्च, म्हणजे बोअर, पिस्टन-रिंग, बेरिंग, फेसिंग, गाईड, गॅस्केट किट, मजुरी, असा सगळा मिळून तुमच्या मूळ इंजिनाच्या फुल कामाच्या खर्चाशी लावून बघा. बऱ्याचदा असं निघतं की आणलेल्या इंजिनाला पण तेवढंच काम आहे, मंग आपलंच इंजिन का करू नये, नंबर पण बदलायला नको. ज्याचा क्रँक चांगला त्याचा क्रँक अन् ज्याचा ब्लॉक चांगला त्याचा ब्लॉक ठेवा असा हिशोब पण काही जण करतात, चालतो, फक्त ब्लॉकबरोबर त्याच्या मेन कॅप त्याच्याच राहू द्या.

बोअर करायचं ठरलं तर बोअरवाल्याला "०.२५ करून टाक" असं फोनवर सांगू नका. आधी पिस्टन सेट विकत घ्या, तो बोरिंगवाल्याच्या हातात द्या, तो पिस्टनचा स्कर्ट, म्हणजे खालचा भाग मोजेल, कंपनीनं डब्यावर दिलेली फट त्यात मिळवेल आणि तेवढाच बोअर करून शेवटचं होनिंग, म्हणजे दगडानं बारीक घासाई करेल. बोअर झाल्यावर रिंग बोअरमध्ये एकटी सोडून पिस्टननं सरळ ढकलायची अन् तोंडातली फट फिलर गेजनं बघायची, ७० मिमीच्या बोअरला ०.२८ च्या आसपास बसते, डब्यावर वेगळं लिहिलं असेल तर डब्यावरचं खरं. ब्लॉक घरी न्यायच्या आधी ऑइलच्या सगळ्या वाटा तारेच्या ब्रशनं अन् हवेनं साफ करून घ्या, बोअर साबणाच्या पाण्यानं धुऊन पांढऱ्या फडक्यानं पुसा, फडकं काळं निघायचं थांबेपर्यंत, लगेच ऑइलचा हात फिरवा अन् प्लास्टिकमध्ये गुंडाळा, टेम्पोत उघडा टाकला तर घरी येईस्तोवर रस्त्याची अर्धी धूळ त्यात बसलेली असते.